खड्ड्यातला दिवा

७ मार्च, शुक्रवार

ही डायरी मले अकोल्याच्या ट्रेनिंगमध्ये भेटली. गाडीच्या एसीवाल्या मिस्त्र्याईले बोलावलं होतं. हरीओम नावाचा मास्तर होता, बारीक आवाजाचा. त्यानं सगळ्याईले एक एक डायरी देल्ली आन म्हणे, कोणत्या गाडीतून किती गॅस काढला, किती भरला, रोज लिहा. मी म्हणलं, मास्तर, इथं भाकर खायले टाईम नाही आन तुमी लिहाले लावता. सारे हासले. पण कागद चांगला गुळगुळीत आहे, फेकवत नाही. तवा मनातलंच लिहीन म्हणतो.

शिकवलं ते असं. हातात मोजे घाला, डोळ्यावर चष्मा लावा, पातळ गॅस अंगावर उडाला तर चामडी भाजते. जुना गॅस हवेत सोडू नका, मशीननं ओढून टाकीत घ्या. टाकी उन्हात ठेवू नका. ही शेवटची गोष्ट मले पटली, बाकी मोठ्या शहराच्या गोष्टी. दुसऱ्या दिवशी जेवणात मठ्ठा होता. त्याच्यानंतर मास्तर बोर्डावर खोलीचं चित्र काढून सांगत होता, गॅस दिसत नाही, त्याले वास नाही, पण वजन आहे. इतकं कानावर पडलं आन माहा डोळा लागला.

आपलं दुकान आठवड्यात सुरू होते. मंगरूळपीरात मानोरा रोडवर, श्रेयांसभाऊच्या स्पेअर पार्टच्या दुकानामागचं शेड. नाव ठेवलं ‘थंडाई कार एसी’. बायकोनं, नितानं, सुचवलं. मी म्हणलं लोक भांग प्याले येतीन. पण तिच्यापुढं माहं चालते थोडंच.

११ मार्च, मंगळवार

शेडमध्ये जुन्या गॅरेजवाल्याचा खड्डा आहे, गाडीखाली उभं राहून काम कराचा. उभा राह्यलो की डोकं जमिनीच्या बरोबर येते. एका अंगानं पायऱ्या, भिंतीत पाने-पकडी ठेवाले कोनाडा. उन्हाळ्यात साऱ्या मंगरूळपीरात इतकी गार जागा नसन. गॅसची टाकी मी तिथंच खाली ठेवली. मास्तरानं सांगतलंच होतं, टाकी उन्हात नको. ट्रेनिंग वाया नाही गेलं.

माय पाहाले आली आन खड्ड्याच्या काठावरच थांबली. माही माय सोजरबाई अनसिंगची. तिचा भाऊ, दौलतमामा, विहिरीतला गाळ काढाचं काम करे. विहिरीच्या गोष्टी मायले पाठ. ती श्रेयांसभाऊले म्हणे, “इथं आंधी विहीर होती ना?”

श्रेयांसभाऊ म्हणे, “होती ना मावशी. आमच्या आजोबांनी, चांदमलजींनी बुजवली. त्याच्यावरच हा खड्डा खोदला मग कोणी तरी.”

झालं. मायनं पदर तोंडाले लावला. म्हणे, विहीर बुजवली म्हणून आसरा काई उठून जात नाई. पाण्यातल्या साती बहिणी त्या, पाणी गेलं तरी जागा धरून राह्यतात. आन त्याईले जवान पोट्टे लागतात. “दौलत कोन्या विहिरीत उतऱ्याच्या आंधी कंदील दोरीनं खाली सोडे. आसरायले दिवा दाखोल्याबिगर पाय नाई ठेवला त्यानं कधी. म्हणून म्हतारा होऊन मेला.”

मी म्हणलं, माय, मामा विहिरीत उतरे, मी बोलेरोखाली उतरतो. पण निता तोवर पणती घेऊन आली होती. आता दर मंगळवार-शुक्रवार दिवेलागणीले कोनाड्यात दिवा लागन. लागू दे. तेल तिचं, काडीपेटी तिची.

२१ मार्च, शुक्रवार

धंदा बरा चालू आहे. ऊन आतापासूनच कडक. किशनले कामाले घेतलं. किशन निताचा एकुलता भाऊ, तिच्या पाठचा. मायबाप गेल्यावर तिनंच त्याले वाढवला, त्याच्यामुळं तो तिचा भाऊ कमी आन लेकरू जास्त. मे महिन्यात त्याचं लगन आहे, जऊळक्याच्या वैष्णवीसंग. पोट्टा कामाचा आहे, फक्त मोबाईल कानापासून निघत नाही.

गॅस ओढाची मशीन आपल्यापाशी नाही. जुना गॅस मी पाईप लावून सोडतो. त्याच्यासंग तेल उडते, फरशी चिकट होते, गिऱ्हाईक घसरते. मंग मी युक्ती काढली, पाईपाचं तोंड खड्ड्यात सोडून देतो. फुस्स करून पांढरं धुकं निघते आन सरसर पायऱ्या उतरून खाली जाते. वर येतच नाही. मले ते पाहाले आवडते. गिऱ्हाईकबी पाहत राह्यते.

आज नितानं लावलेला दिवा विझला. तेल होतं, वात कोरडी होती, वारा नव्हता. लू लागते म्हणून शटर अर्ध्यावर ओढलेलं असते, वारा येइन कोठून. तिनं दुसऱ्यांदा लावला, तोबी मिणमिण करून गेला. घशाले काही तरी आंबट झोंबलं. मी म्हणलं तेलात भेसळ आहे, दुकान बदल.

२ एप्रिल, बुधवार

दुपारी काम नसलं की किशन खड्ड्यात पोतं टाकून झोपते. मी काही म्हणत नाही, वर पंख्याखालीबी अंगाची लाही होते. पण आज उठवाले गेलो तर उठेच ना. दोन हाका मारल्या, मंग पाण्याचा गिलास तोंडावर ओतला. डोळे उघडले आन मले पाहून हासत सुटला. हासू थांबेच ना त्याले.

वर येऊन बसला, तवा म्हणे, “भाऊजी, खाली बांगड्या वाजतात.”

“कोणाच्या?”

“काय मालूम. लय साऱ्या बायका असल्यासारख्या. कानाजवळच वाजतात. आन ओठाले मुंग्या येतात.”

मी म्हणलं, वैष्णवीच्या असतीन, तिले म्हणा लगनाआंधी इतक्या नको वाजवू. तो हासला, पण छातीवर हात ठेवून होता. म्हणे धडधड होऊन राह्यली. चहा पेला, बरा झाला. नितापाशी मी यातलं काही बोललो नाही, तिनं उगीच त्याले घरी बसवलं असतं.

८ एप्रिल, मंगळवार

आज जे पायलं ते जसंच्या तसं लिहितो.

दिवेलागणीले निता खड्ड्यात गेली. पायरीवरूनच हाक मारली, “अजी, इकडं या जरा.” आवाज असा की मी हातातला पाना ठेवून गेलो. ती मधल्या पायरीवर उभी. म्हणे, “पाहा.” तिनं काडी ओढली. काडी छातीपाशी जळत होती चांगली. मंग तिनं हात हळूहळू खाली नेला. कमरेच्या खाली गेली न गेली, काडी विझली. फुंकर नाही, वारा नाही. ज्योत बारीक झाली आन गेली, धूर तेवढा आडवा पसरला. दुसरी काडी ओढली. पुन्हा तिथंच. तिसरी मी ओढली. तिथंच.

आमी दोघं तसेच उभे राह्यलो. खाली अंधारात माही टाकी दिसत होती आन किशनचं पोतं. निता म्हणे, “कोणी तरी हातानं दाबल्यासारखं वाटते.” माह्या मनातबी तेच आलं होतं.

श्रेयांसभाऊले सांगतलं. तो म्हणे, काड्या सादळल्या असतील. सादळलेली काडी पेटतच नाही, ती पेटून कमरेखाली जाऊन कायले विझन. पण त्याच्या जागेची गोष्ट आहे, तो मानणार थोडाच.

११ एप्रिल, शुक्रवार

आमच्या शेडात एक कबरी मांजर आहे. तिनं मागच्या पंधरवड्यात पिलं घातली होती टायरांच्या मागं. काल ऊन लय होतं, तिनं एक एक पिलू तोंडात धरून खड्ड्यात नेलं असन, गार जागा म्हणून. सकाळी शटर उघडलं तर सारी पिलं पोत्यावर पडली होती. अंगावर ओरखडा नाही, रक्त नाही. एकमेकाईले चिकटून झोपल्यासारखी, पण कडक.

मांजर वर काठावर उभी. खाली पाहून ओरडे, पण एक पायरी उतरे ना. मी पिलं बाहेर नेऊन पुरली, तरी ती दिवसभर तिथून हालली नाही.

माय म्हणे, “हे तर दाखोलं त्याईनं फक्त. आता मानूस घेतीन. पहिल्याले नेतात आन त्याले काढाले जो मागून उतरते त्यालेबी नेतात. दौलत म्हणे, विहिरीत एक पडला तर दुसऱ्यानं दोर टाकाव, पाय टाकू नाई.”

किशन ऐकून राह्यला होता. मी मायवर डाफरलो, पोट्ट्यासमोर काहून बोलतं म्हणून. खरं सांगतो, मले स्वतःलेच ते ऐकायचं नव्हतं.

१५ एप्रिल, मंगळवार

आज माहीच पाळी आली.

शाळेच्या दोन गाड्या होत्या, दोन्हीचा जुना गॅस काढला, नवा भरून देल्ला. मंग बारा नंबरचा पाना दिसे ना. कोनाड्यात पाहाले खाली उतरलो. पाना कोनाड्यातून खाली पडला होता, वाकलो. वाकल्यावर पायाले असं गार लागलं की कोणी भिजल्या हातानं घोटे धरले. मी पायलं तर खाली पाणी होतं. हालत होतं. मले वाटलं विहीर भरून आली. कानात माहंच नाव, रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं, जगदेव, जगदेव. आवाज बाईचा. आन काय सांगू, भेव नाही वाटलं. बसाव वाटलं. लय दिवसानं कोणी प्रेमानं बस म्हणलं असं वाटलं.

किशननं वरून कंप्रेसर सुरू केला. त्या फटफटीनं मी दचकलो, उभा झालो, डोकं वर निघालं आन श्वास आला. वर येऊन ओकलो. खाली पायलं तर कोरडी फरशी.

मी देवभोळा माणूस नाही. पण आज नितानं विचारलं, तवा सारं सांगून टाकलं, किशनच्या बांगड्याईचंबी. ती किशनजवळ जाऊन बसली आन त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राह्यली, तो म्हणे मी काय लहान आहो का.

२२ एप्रिल, मंगळवार

आसराईची ओटी भरली. शनिवारपासून टाकी रिकामी पडली होती. या खेपेला टाक्या लवकर संपतात, भरून देणारा वजनात मारते वाटते. काम बंद होतं, तवा म्हणलं हेही उरकून घेऊ. शटर पुरं वर केलं, शेड झाडलं, खड्डा धुतला. मायनं सात गोटे शेंदूर लावून कोनाड्याखाली मांडले. हिरव्या बांगड्या, खण, दही-भात. निता डोळे मिटून कितीतरी वेळ बसून होती.

आन दिवा लागला. सरळ, ठाम, वात हालली नाही. तेल संपेपर्यंत जळला. किशन खाली जाऊन आला, ना बांगड्या ना मुंग्या. मीबी उतरलो, काही नाही. निता रडली. मायनं कानशिलावर बोटं मोडली. मले इतकं हलकं वाटलं की मी श्रेयांसभाऊलेबी दही-भात खाऊ घातला.

माय म्हणे, एक बाकी आहे. ज्याले बोलावत होत्या त्यानं, म्हणजे किशननं, हळदीच्या आंधी एक शुक्रवार स्वतःच्या हातानं दिवा लावाव, कमरेले हिरवा खण बांधून, आन दिवा जळे तोवर सामने बसून राहाव. मंग त्या त्याले सोडतात. येत्या शुक्रवारी करून टाकू.

२४ एप्रिल, गुरुवार

नवी टाकी आणली, जुनाच पाईप लावून खाली नेऊन ठेवली. पाईप लावून ठेवतो, दर वेळी कोण काढते. टाकीची चावीबी सुरूच असते. लगनसराई आहे, वऱ्हाडाच्या गाड्या रांगेनं उभ्या. ज्याले पाहाव त्याले उद्याच एसी पायजे. काम भल्ला जोरात. आसरा पावल्या म्हणतो मी.

२६ एप्रिल, शनिवार

वाशीमच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहून राह्यलो. किशन आत आहे. निता दारापाशी भिंतीले टेकून बसली आहे, माह्याशी बोलत नाही.

काल दिवसभर गाड्या होत्या. एकामागून एक गॅस काढला, भरला. शटर अर्धं ओढलेलं, बाहेर भट्टी. दिवेलागणी झाली तवा माय नव्या टाकीलेबी कुंकू लावून आली, आसराईच्या घरात राह्यते म्हणून. ती वर येताना धापा टाकून राह्यली होती, मले वाटलं वय झालं. किशननं कमरेले हिरवा खण बांधला. निता त्याले म्हणे, “भेऊ नको रे, मी वरच आहो.” तो हातात पेटती पणती घेऊन पायऱ्या उतरला.

मी काठावर उभा होतो. पणती त्याच्या छातीपाशी होती. तो एक एक पायरी उतरे आन पणती खाली खाली जाय. एका जागी आली आन विझली. पाण्यात बुडाल्यावर विझते तशी. त्यानं मागं वळून आमच्याकडं पायलं, हासला, म्हणे इथं लावतो पुन्हा, आन खाली जाऊन पोत्यावर बसला. काडीपेटीचा आवाज येत होता. खर्र. खर्र. उजेड एकदाबी पडला नाही.

मंग तो हासाले लागला. मंग हासणंबी बंद झालं.

निता धावली. दुसऱ्या पायरीवर मी तिले धरली. ती म्हणे सोडा, मी म्हणलं नाही. तिनं माह्या हाताले चावा घेतला, अजून दात उमटलेले आहेत. म्हणे, “माहा भाऊ आहे खाली, सोडा मले.” मी सोडलं नाही. कारण त्या वक्ती मले दौलतमामा दिसला. मी लहान होतो, अनसिंगच्या विहिरीवर मामा कंदील खाली सोडून राह्यला होता. कंदील अर्ध्यात विझला, मामानं दोर वर ओढला आन माणसाईले म्हणला, आज नाही उतराचं, खाली हवा नाही. खाली हवा नाही, असं म्हणला होता तो. माय आजवर म्हणत आली की तो दिवा दाखवत होता. तो दिवा दाखवत नव्हता, हवा आहे का विचारत होता.

मी निताले मायच्या अंगावर ढकललं आन श्रेयांसभाऊले हाक मारली. शटर वर केलं. कंप्रेसरचा हवेचा पाईप पुरा उघडून खड्ड्यात सोडला, किशनच्या तोंडाकडं. शटर ओढाची लांब सळई होती, पुढं आकडा असलेली. मी काठावर पालथा पडलो आन आकडा फिरवत राह्यलो. शर्टाले लागला, शर्ट फाटला. मंग तो कमरेच्या खणात अडकला. खण नवा होता, फाटला नाही. मी आन श्रेयांसभाऊनं त्याले ओढत पायरीपर्यंत, पायरीवरून वर आणला. तोंड निळं. श्रेयांसभाऊनं छाती दाबली, मी तोंडानं हवा देल्ली, हे एकदा मोबाईलवर पायलं होतं. त्यानं श्वास घेतला तवा माय म्हणे, सोडलं बाई सोडलं त्याईनं.

डॉक्टरीणबाई म्हणते जीव वाचला, पण हृदयाचे ठोके सरळ नाहीत, दोन दिवस ठेवतो. मले विचारलं, तिथं काही गॅसचा सिलिंडर होता का. मी म्हणलं, होता, पण तो एसीचा, पेटत नाही, वास नाही, काही नाही. जुन्या विहिरीची खराब हवा वर आली असन. ती माह्या तोंडाकडं पाहत राह्यली आन काही तरी लिहून घेतलं.

२९ एप्रिल, मंगळवार

किशन घरी आला. बारीक आवाजात बोलते. म्हणे, “भाऊजी, कोणी तरी मले कमरेले धरून वर लोटलं. बायकाईचे हात होते.” मी म्हणलं, सळई होती ती. तो म्हणे, “सळई नंतर लागली. आंधी हात होते.”

वैष्णवीचे वडील भेटून गेले. लगन ठरल्या दिवशीच आहे. माय सगळ्या गल्लीले सांगते, आसराईच्या खणानं पोट्टा वाचला. लोक आता दुकानात गाडी न आणताच खड्डा पाहाले येतात. निता अजूनबी माह्याशी कामापुरतीच बोलते.

१ मे, गुरुवार

टाकी मी वर आणून शेडच्या दारात ठेवली होती. तिच्यावर मायचं कुंकू आन तेल माखलेलं. नितानं भांडे घासाचा साबण घेतला आन टाकी घासाले बसली. मी गाडीत वाकलो होतो. बऱ्याच वेळानं ती म्हणे, “अजी, हे काय होऊन राह्यलं?”

पाईप जिथं टाकीले जोडलेला आहे तिथं साबणाचा फेस होता. फेसातून फुगे निघत होते. एक फुटला की दुसरा, दुसरा फुटला की तिसरा. बारीक बारीक. जोडातलं रबराचं वायसर झिजलेलं. हरीओम मास्तरानं हेच दाखोलं होतं, साबणाचं पाणी लावून पाहा म्हणे. मी पायलं होतं. करून कधी पायलं नाही.

“हा गॅस कोठी जाते?” नितानं विचारलं.

मी वाकून जोडाले बोट लावलं.

“टाकी तर खड्ड्यात होती तुमची. रातंदिवस. आन गाड्याईचा तो पाईप, तोबी तुमी खालीच सोडता. ते धुकं खाली जाते आन वर येत नाई, तुमीच सांगतलं मले. हासून सांगतलं.”

ती हळूच बोलून राह्यली होती. टाकी रिकामी होती त्या मंगळवारी दिवा कसा जळला, हे माह्या डोक्यात त्या वक्ती आलं. पिलं आली. काडीचा आडवा धूर आला. गॅसले वजन आहे. मास्तर बोर्डावर खोली काढून तेच सांगत होता आन मी मठ्ठा पिऊन झोपलो होतो. त्या खड्ड्यात विहिरीची हवा नव्हती. मी रोज, गिऱ्हाईकाले गंमत दाखवत, तो खड्डा भरत होतो. आन शुक्रवारी तिच्या भावाले हातात दिवा देऊन त्यात उतरवलं.

मी म्हणलं, निता, मीच केलं हे.

ती फुग्याईकडं पाहून म्हणे, “तुमी मले धरलं नसतं तर मीबी गेली असती. हेबी तुमीच केलं.” आन साबणाचे हात पदराले पुसून उठली. “गॅसचा हिसाब लिहाले डायरी देल्ली होती ना तुमाले? मंग लिवा आता सारं. किशनचंबी लिवा.”

लिहिलं.

११ मे, रविवार

लगन झालं. किशन घोड्यावर बसला, पण नाचू देल्लं नाही नितानं. वैष्णवीच्या बांगड्या वाजल्या की तो एकेकदा दचकते. वैष्णवीले वाटते लाजते.

गॅस ओढाची मशीन आणली. जुना गॅस आता तिच्यात जाते. नवं वायसर टाकलं, काम झालं की टाकीची चावी बंद करतो, साबणाचं पाणी बाटलीत भरून खिळ्याले टांगलं. टाकी सावलीत, पण जमिनीवर, मोकळ्या हवेत. शटर पुरं वर. गरम होते, होऊ दे. मायले मी सारं समजावून सांगतलं. तिनं ऐकून घेतलं आन म्हणे, असन बापा गॅस, पण त्याले बोलावलं कोनं?

काल खड्ड्यात मुरूम टाकाले ट्रॅक्टर आला. श्रेयांसभाऊ म्हणे, एकदाची विहीर खरंच बुजली. पहिली पाटी पडणार तेवढ्यात नितानं हात वर केला. ती खाली उतरली. मी काडी पेटवून काठावरून हात खाली लांब केला, काडी जळत राह्यली. कोनाड्याखालचे सात गोटे तिनं एक एक करून पदरात घेतले आन वर आणून दाराजवळ, निंबाच्या सावलीत मांडले, वाऱ्याच्या तोंडाले.

मी म्हणलं, आता कायले? तुले तर मालूम आहे ना काय होतं ते.

“मालूम आहे,” निता म्हणे. शेवटच्या गोट्यावरची धूळ तिनं पदरानं पुसली. “पण त्याबी तर खालीच होत्या ना इतके दिवस. त्याईचाबी दम कोंडला असन.”

मुरूम पडला, वरून पाणी मारून दाबला. कबरी मांजर आज शेडात आली. त्या जागेपाशी थांबली, वास घेतला, आन वळसा घालून गोट्याईपाशी जाऊन बसली.